कोरड्या नदीत पुरुषभर पाणी

मी पुलाखालचा डबा बोलतोय. कठड्याला टेकून तुम्ही खाली पिचकारी मारता ना, तिथून जरा वाकून बघा. लोखंडी हातावर पालथा टांगलेला, पांढरा, चिमण्यांनी घाण करून ठेवलेला, तो मी. कागदावर माझं नाव हे एवढं लांबलचक आहे. गावात मात्र सगळे मला डबाच म्हणतात, आणि आता मलाही त्याची सवय झालीय.

माझं काम सोपं आहे. मी खाली हाक मारतो. ती तुम्हाला ऐकू येत नाही. ती हाक पाण्याला लागते आणि माघारी येते. लवकर आली तर पाणी चढलं, उशिरा आली तर उतरलं. जे असेल ते मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसला कळवतो. तिथलं यंत्र हिशेब करतं, आणि धोका दिसला तर खालच्या वस्तीतला भोंगा वाजवतं. धोक्याची खूण म्हणजे पुरुषभर पाणी. म्हणजे उभा माणूस बुडेल एवढं.

माझा जन्म पुण्याकडचा. माझ्यासारखे पुष्कळ भाऊ एकाच वेळी बनले आणि नदीनदीवर वाटले गेले. आमची सिंदफणा पुढं गोदावरीला मिळते, आणि गोदावरी तेलंगणा, आंध्र करत समुद्राला जाते. तिला कुणाची हद्द ठाऊक आहे? हद्दी माणसांना असतात. वर पाणी चढलं तर खालच्यांना सांगायचं कुणी, यावर म्हणे मोठमोठ्या लोकांच्या बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी ठरलं, नदीभर डबे टांगायचे आणि वरच्यानं खालच्याला सांगायचं. माझ्या वाट्याला शिरूर कासारच्या बाजूचं हे गाव आलं. ऑफिसातल्या इंजिनिअर स्वप्ना मॅडम स्वतः शिडीवर चढल्या, स्वतः पान्यानं मला आवळलं. पोरगी हुशार आणि मनानं चांगली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिचा राग येईल.

मला टांगलं आणि गाव पोट धरधरून हसलं. दुष्काळी तालुका, वर्षातला बराच काळ खाली नुसती वाळू, आणि त्यावर पुराचा डबा! वाळू चोरणाऱ्यांना तर वाटलं, हा कॅमेराच. ट्रॅक्टर आणला की आधी मला पोतं बांधायचे, जाताना आठवणीनं सोडायचे; तेव्हा भोंगा अजून जोडला नव्हता, म्हणून बोंब झाली नाही. चोर खरे, पण शिस्तीचे.

पुलाजवळ चहाची टपरी चालवणारा बिभीषण माझा राखणदार. माझे आकडे त्याच्या मोबाइलवरही दिसायचे. तो त्यांच्यावर ओरडायचा, "आरं कॅमेरा न्हाई बे त्यो! पानी मोजतंय!"

"मग पानी कुठंय?" ते विचारायचे. बिभीषण उगाच चहा ढवळायला लागायचा.

पण पहिल्याच पावसाळ्यात मी खरा ठरलो. इकडं टिपूस नाही, आणि डोंगराकडं आभाळ फाटलं. पाणी चढायला लागलं तसं मी कळवलं, भोंगा वाजला, वस्तीतली माणसं जनावरं घेऊन वर आली. त्यानंतर पाणी आलं, आणि रिकाम्या जागेवरून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव मेंढका पुलावर आला. उंचापुरा गडी, खांद्यावर घोंगडी. त्याची सगळी मेंढरं वाचली होती. त्यानं माझ्यापुढं नारळ फोडला, लोखंडी हाताला कुंकू लावलं आणि म्हणाला, "डब्या, तू माझा भाऊ हाईस बे." मी फुगलो. खोटं कशाला बोलू, लई फुगलो.

त्या दिवसापासून मात्र एक गोष्ट बदलली. आधी पावसाळ्यात सुग्रीव मेंढरं वर माळावर बसवायचा. हवा फिरली की नदीकडं मान वळवायचा. बापाची, आज्याची सवय होती ती. आता तो मेंढरं नदीच्या कडेला, कोवळ्या गवतात बसवू लागला.

त्याची बायको साखराबाई तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "आवं, वर घ्या मेंढरं. नदीचा काय भरवसा हाय का?"

"नदीचा न्हाई गं," तो हसायचा, "पर डब्याचा हाय की."

हे ऐकून तेव्हा मला बरं वाटायचं. आज हेच शब्द मला खातात.

मग एक वर्ष कोरडं गेलं, आणि त्याच्या पुढच्या भादव्यात बंधाऱ्यात थोडं पाणी साठलं. गुडघाभर असेल. पण आमच्याकडं गुडघाभर पाण्याचंही कौतुक असतं. सरपंच राधाकिशन अण्णांनी ठरवलं, मोठ्या साहेबांना बोलवायचं, जलपूजन करायचं. साडी-चोळी आणली, हलगीवाले सांगितले आणि पुलाच्या कठड्याला भलाथोरला फ्लेक्स बांधला. त्यावर साहेब हात जोडून उभे, आणि खाली कोपऱ्यात अण्णा.

वाऱ्यानं फ्लेक्सची खालची दोरी तुटली. तो उलटा फिरून माझ्या तोंडाखाली आला आणि लोखंडी हातात अडकला. मी हाक मारली ती फ्लेक्सला लागून लगेच माघारी आली. मी काय समजणार? मी कळवलं, पाणी पुलाला टेकलंय. भर दुपारी, कडक उन्हात भोंगा वाजला. माणसं जीव मुठीत धरून धावली, आणि बघतात तर नदीत बगळे उभे! पुन्हा हशा पिकला.

ऑफिसातून बिभीषणला फोन आला. फ्लेक्स काढा, नाहीतर तो निघेपर्यंत भोंगा बंद ठेवावा लागेल. बिभीषण पळत अण्णांकडं गेला. अण्णा पुलावरच मंडप घालून घेत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अण्णा, निस्ता कोपरा कापू का? डब्याच्या तोंडावर आलाय."

"साहेबांच्या फोटोला सुरी लावतो का?" अण्णा भडकले. "कुणी फाडला, कावून फाडला, ह्याच्यावरनं उद्या गावात डोकी फुटली मंजी? शेजारच्या गावात काय झालतं, इसरला का?"

बिभीषण विसरला नव्हता. त्या गावात फाटक्या फ्लेक्सपायी दोन आळ्या एकमेकींचं पाणी पीत नाहीत. तो हळूच म्हणाला, "सोडून परत बांधू?"

"उद्या पूजा हाय. झाली की काढ. एका दिसानं काय नदी येती का?"

बिभीषणनं ऑफिसला तेच कळवलं. भोंगा बंद झाला. हसण्याच्या नादात ते खालच्या वस्तीला सांगायचं मात्र सगळेच विसरले. सुग्रीवला वाटत होतं, डबा जागा आहे.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, डोंगराचं पाणी आलं.

मला दिसलं नाही हो. माझ्या तोंडाखाली साहेबांचे जोडलेले हात होते. मी हाक मारत होतो आणि ती त्या हातांना लागून परत येत होती. खाली आवाज वाढत गेला, खांब थरथरायला लागले, आणि मी पुन्हा पुन्हा त्या हातांचंच अंतर मोजत राहिलो. शेवटी पाण्यानंच फ्लेक्स ओढून नेला. तेव्हा पाणी माझ्या तोंडाशी होतं. मी खरा आकडा पाठवला, पण तो ऐकायला भोंगा चालू नव्हता.

सुग्रीव तेव्हा मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडत होता. साखराबाई सुनेला आणि नातवंडांना घेऊन कशीबशी टेकाडावर चढली. तो कोकरं काढायला परत फिरला. तिनं खूप हाका मारल्या. तो खाली, माजलगावच्या वाटेवर, बाभळीच्या रानात सापडला. पूजेऐवजी साहेब भेटीला आले. हलगीवाल्यांना आल्या पावली परत पाठवलं.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं सांगतो ते नीट ऐका.

पाणी ओसरलं. भोंगा पुन्हा सुरू केला. दसरा झाला, नदी आटली, खाली पुन्हा वाळू उघडी पडली. आणि एका संध्याकाळी माझी हाक लवकर परत आली. वाळूपर्यंत गेलीच नाही. मधेच कशाला तरी लागली. मी पुन्हा मोजलं. पुरुषभर.

मी भुतंखेतं मानणारा नाही. मी मोजणारा आहे. खाली कुणी नव्हतं. चिमण्या नव्हत्या, पोतं नव्हतं, फ्लेक्स नव्हता. पण कुणीतरी उभं होतं, हलत नव्हतं. मी कळवलं, आणि कोरड्या नदीवर भोंगा वाजला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. अंधार पडला की तो जायचा आणि माझी हाक वाळूला लागायची. मला भीती वाटायला लागली. तो माझ्यावर भरवसा ठेवून गेला होता. आता तो रोज माझ्या खाली उभा राहून काय मागतो, हे मला कळेना.

गावात कुजबूज सुरू झाली. बायका म्हणायच्या, "सुग्रीव हाक मारतोय." पोरांना घरात घ्यायच्या, कुणी दारात भाकरतुकडा ठेवायचं. अण्णांचं तर विचारूच नका. भोंगा वाजला की घास हातातच राहायचा. माणूस खंगला. पुलावरून जायचं सोडून लांबच्या रस्त्यानं जायला लागला. 

बिभीषणनं साखराबाईला सांगितलं, "वैनी, डबा रोज पुरुषभर दाखवतोय."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "मालक तेवढेच व्हते."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पुलाखाली यायची. वाळूत बसायची आणि माझ्याकडं नाही, समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून बोलायची. कुठली मेंढी व्याली, नातू कसा चालायला लागला, सून माहेरी गेलती ती आली. कधी भांडायचीसुद्धा. "म्या सांगत व्हते ना, मेंढरं वर घ्या! कावून ऐकलं न्हाई?" आणि मग हुंदका फुटायचा. ती बोलत असताना मी मोजत असायचो. तो तिथंच असायचा, ती उठेपर्यंत.

शेवटी अण्णांनी ऑफिसला अर्ज दिला. भोंगा उगाच वाजतो, लोक भितात, बंदोबस्त करा. स्वप्ना मॅडम आल्या. मला उघडलं, पुसलं, तपासलं. काही बिघाड नाही. दिवेलागणीपर्यंत वाळूत उभ्या राहिल्या. भोंगा वाजला तेव्हा त्यांनी हात पुढं करून हवा चाचपली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलल्या एवढंच, "इथं काहीच नाही."

मग त्यांनी उपाय सांगितला. संध्याकाळी या वेळेला पुरुषभराचा आकडा आला, की यंत्र तो खोटा समजेल आणि शून्य लिहील. भोंगा वाजणार नाही.

साखराबाई तिथंच होती. तिनं विचारलं, "आन् त्याच येळेला खरंच पानी आलं तर, बाई?"

मॅडम घुटमळल्या. "आणखी वर चढलं की कळेल."

"पुरुषभराच्या वर? तवर खालचा मानूस उरतो का?"

 अण्णा नखानं कठड्याचा रंग खरवडत होते.

"वाजू द्या त्याला," साखराबाई हात जोडून म्हणाली. "खोटं तर खोटं. भोंगा वाजला की अख्खं गाव नदीकडं बगतंय. रोज एकदा तरी बगतंय. आदी कोन बगत व्हतं?"

"वैनी, लोक भितात," अण्णा म्हणाले.

"भिऊ द्या की! भ्यायले असते तर माझा धनी जित्ता असता."

पण अर्ज झाला होता, सही झाली होती. मॅडमनी यंत्रात ती सूचना घातली. त्या संध्याकाळी हाक मधेच अडली, मी पुरुषभर कळवलं, आणि वस्ती शांत राहिली. बिभीषणनं मोबाइलवर बघितलं आणि साखराबाईला दाखवलं. तिथं शून्य होतं.

साखराबाई त्या शून्याकडं बघत राहिली. मग मटकन वाळूत बसली आणि म्हणाली, "मंजी ह्यांनी त्याला दुसऱ्यांदा बुडवलं."

हे मी कधी विसरणार नाही. मला तोडून भंगारात टाकलं तरी विसरणार नाही.

आता पुन्हा भादवा आला आहे. डोंगराकडं दुपारपासून काळं दाटून येतं. सुग्रीव अजून रोज येतो. मी रोज कळवतो, तिकडं रोज शून्य लागतं. आणि माझ्या मनात धाकधूक असते, की एखाद्या संध्याकाळी त्याच्या जागी खरं पाणी उभं राहील आणि मला फरक सांगता येणार नाही. सांगितला तरी ऐकणार कोण?

साखराबाईनं मात्र ऐकलं. ती आता दिवेलागणीला वस्तीतून फिरते. हातात जेवायची पितळी आणि पळी, दारोदार बडवत जाते. "उठा गं! नदी बगा! नदी बगा!" चुली पेटलेल्या असतात, पोरं टीव्हीपुढं असतात, माणसं दमून आलेली असतात. कुणी कपाळाला हात लावतं, कुणी तोंडावर दार ओढून घेतं. नवरा गेला आणि बाई वेडी झाली, असं तुम्ही म्हणता. मी पुलाखालून ऐकतो सगळं.

माझं एवढं ऐका. मला ओवाळू नका, मला भाऊ म्हणू नका, माझ्यावर विसंबून तर मुळीच राहू नका. माझ्या तोंडावर कुणी काय बांधील आणि माझ्या आकड्याचं कुणी काय करील, हे माझ्या हातात नाही. पण ती बाई पितळी बडवत दारात आली, की तिला खुशाल वेडी म्हणा, आणि म्हणता म्हणता एकदा बाहेर येऊन नदी बघा.