दिराची फवारणी

बाग दिराची, बांधावरच्या मधमाश्यांच्या पेट्या वहिनीच्या. दिराने ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी औषध फवारलं आणि दुपारी पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला. उरलेल्या भोवऱ्यासारख्या गरगरत होत्या. त्यांना स्वतःचं दार सापडेना.

"वहिनी, तुमच्या माश्यांना गोचिडी झाल्यात," दीर म्हणाला. "उगाच माझ्या नावानं खडे फोडू नका."

वहिनीने मूठभर जिवंत माश्या जाळीच्या बरणीत घेतल्या, पिठीसाखर भुरभुरली आणि बरणी ताटावर हलवली. साखरेबरोबर दोन तांबड्या गोचिडी पडल्या.

"या माझ्या. यांचं मी बघते. पण गोचिडी हळूहळू पोखरतात, एका दुपारीत अख्खी पेटी संपवत नाहीत." तिने एक मेलेली माशी त्याच्या तळहातावर ठेवली. "हिची जीभ बघा, बाहेर आलीय. विषानं मेलीय ही."

"बरं बाई, पुढच्या वेळी सांगून मारतो."

संध्याकाळी माश्या परतल्यावर वहिनीने पेट्यांची दारं लावली आणि सगळ्या टेम्पोत चढवल्या. दीर धावत आला.

"अहो, अर्धी बाग फुलायचीय अजून! फळ कसं धरायचं?"

"तुम्ही आहात की," वहिनीने टेम्पो सुरू केला. "बसा एकेका फुलावर."