माझ्या जागी बसलेला तो थोराड कूलर

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. पण उन्हाळ्यात खिडकीशी ठेवतात तो नव्हे. संगणकाच्या पेटीत, प्रोसेसर नावाच्या चिपच्या डोक्यावर माझी जागा. चिप काम करताना तापते. तिची उष्णता मी माझ्या पात्यांत ओढून घेतो आणि पंख्याने बाहेर घालवतो. घालवत होतो, असं म्हणायला हवं. आता माझ्या जागी दुसरा बसला आहे आणि त्याच्याकडे बघून माझा नुसता जळफळाट होतो.

कारखान्यातून निघालो तो बेळगावात, शहापूरला मारुतीरावांच्या घरी आलो. पुढच्या खोलीत त्यांचे दोन यंत्रमाग. मागच्या खोलीत त्यांची मुलगी रूपाली संगणकावर साड्यांच्या काठांची नक्षी काढते. तिचा आतेभाऊ सौरव याने मला बसवलं, तेव्हा म्हणाला होता, "लई गुणाचा पंखा हाय गं." त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं राबलो.

मागांवरून सुताची बारीक लव उडायची आणि माझ्या पात्यांत येऊन बसायची. मला कुणी कधी उघडून पाहिलं नाही. शेवटी मी धापा टाकू लागलो. यंदा उन्हाळ्यात लग्नाच्या साड्यांचं मोठं काम आलं आणि संगणक सारखा बंद पडू लागला. नक्षी वेळेत गेली नाही तर व्यापारी दुसरीकडे जाणार होता. रूपाली रडकुंडीला आली. "ह्यो पंखाच गेलाय," ती म्हणाली.

सौरवचं निपाणीत संगणकाचं दुकान आहे. तो एक भलाथोरला खोका घेऊन आला. त्यातून ते ध्यान निघालं. तांब्याच्या सहा नळ्या, दोन पंखे आणि किंमत तर विचारूच नका. आधी माझी परीक्षा झाली. पंच्याण्णव अंश, आणि संगणक बंद! मग त्याची. बासष्ट.

"आनि आवाज बघ, न्हायच," सौरव कौतुकाने म्हणाला. शेजारी दोन माग खडखडत असताना आवाज ऐकू तरी कुणाचा येणार होता? पण माझं कोण ऐकतो! तो इतका उंच की पेटीचं झाकण लागेना. "ऱ्हाऊ दे उघडं, हवा लागंल," सौरव म्हणाला. मला मात्र पालथा करूनही न बघता फळीवर ठेवून दिलं.

नक्षी वेळेत गेली, व्यापारी टिकला, सगळं श्रेय त्याला. मी फळीवरून त्याच्या अंगावर लव चढताना बघायचो आणि, खरं सांगतो, मनातून सुखावायचो. अजून बस, म्हणायचो, अजून.

खंडेनवमी आली. त्या दिवशी माग थांबवून, झाडून, तेल घालून पूजतात. संगणकाला दरवर्षी नुसतं पेटीवर कुंकू आणि झेंडूचं फूल. एरवी माग थांबले की संगणकही बंद असायचा, पण यंदा कामाची घाई होती म्हणून तो चालू राहिला. घर शांत झालं आणि मागच्या खोलीतली घरघर ऐकू आली.

"कशाचा आवाज गं ह्यो?" मारुतीरावांनी विचारलं.

रूपालीने वाकून पाहिलं. त्या नव्या साहेबांच्या नळ्या लवेने माखल्या होत्या, तापमान ऐंशीवर गेलं होतं. "आप्पा, मागाचा ब्रश द्या की जरा."

तिने त्याला झाडलं. बासष्ट! मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिने मलाही झाडलं आणि चिपची उष्णता माझ्यात नीट उतरावी म्हणून लावतात ती नवी पेस्ट लावून पुन्हा चिपवर बसवलं. मी जीव तोडून फिरलो. बहात्तर अंश, आणि संगणक एकदाही बंद पडला नाही.

"आप्पा, ह्याचं काय बी बिघडलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"व्हय? मग ऱ्हाऊ दे की त्योच."

"नको. मोठाच बरा, कमी तापतोय."

खरं होतं ते, म्हणून जास्तच झोंबलं.

आता मी फळीवर आहे, स्वच्छ, अंगाला कुंकू लावलेला. रूपाली दर महिन्याला त्याला न चुकता झाडते. मित्रांनो, मला त्याच्या तांब्याच्या नळ्यांचा हेवा वाटत नाही, त्या ब्रशाचा वाटतो. तुमच्याकडे कुणी मुकाट्याने राबत असेल, तर त्याला काढून टाकण्याआधी एकदा उघडून बघा. रूपाली शिकली माझ्यामुळे, आणि काळजी घेते त्याची.