सामानापाशी कोणीतरी हवं

मित्रांनो, कपाटाच्या माथ्यावर, पंख्याच्या रिकाम्या खोक्यामागे दबून बसलेली ती मातकट रंगाची सॅक दिसते ना, ती मी. वय झाले आहे माझे. एक बंद तुटला आहे, चेन अर्ध्यावर अडते आणि अंगाला वंगणाचा वास येतो. हा वास मी जन्मताना घेऊन आले नव्हते.

एका दुकानदाराने दारावरचा जुना कॅनव्हासचा पडदा काढून टाकला होता. एका बाईने तो उचलून घरी आणला आणि त्यातून मला शिवले. ही बाई घरीच शिवणकाम करायची. पँट आखूड करणे, कोटाचे अस्तर बदलणे, कोणाची बाही, कोणाची चेन. दिवसभर मशीनवर बसून तिची पाठ फळीसारखी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. माझे कापड इतके जाड होते की मशीनच्या सुया मोडल्या. मग तिने बोटात अंगुस्तान घातले आणि दात-ओठ खात हाताने दुहेरी शिलाई घातली. खांद्याला काचू नये म्हणून माझ्या बंदांत जुन्या कांबळ्याचे तुकडे भरले.

“आई, पोतं शिवतेस का?” तिच्या लेकीने विचारले. लेक तेव्हा कॉलेजात होती.

“सॅक आहे. मी डोंगर चढणार आहे.”

तिच्या खिडकीतून टाक्या आणि गच्च्यांच्या पलीकडे सात डोंगरांची रांग दिसत असे. सुईत दोरा ओवताना मान वर केली की समोर तेच. पुढच्या वाढदिवसाच्या आत ते सातही चढायचे, असे तिने मनाशी धरले होते. रात्री जेवताना तिने ते सांगितले, तेव्हा नवऱ्याचा घास हातात राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

“अगं, दुसऱ्या मजल्यावर येताना तुला धाप लागते. कुणाशी पैज लावलीस?”

“माझ्याशीच.”

तो आणि लेक पोट धरून हसले. बाईही हसली. तिला राग आला नव्हता, खरेच. स्वतःच्या बोलण्याची तिलाच गंमत वाटत होती.

पहिला डोंगर ती मैत्रिणीला घेऊन चढली. ही मैत्रीण दवाखान्यात नर्स होती. बाई पावलागणिक बसायची, की नर्सही शेजारी बसायची. “मी पेशंटना रोज चालवते, तुला नाही का चालवणार?” असे म्हणायची आणि पुन्हा हात द्यायची. माथ्यावर पोचल्यावर दोघी वेड्यासारख्या हसत सुटल्या. बाईने मला पाठीवरून उतरवले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “एक टाका उसवला नाही बघ!” मित्रांनो, माझे त्यानंतर कौतुक झाले नाही असे नाही, पण तसे कधीच झाले नाही.

दुसऱ्या डोंगराला लेक आली. तिने फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. “तुझी आई भारीच आहे” अशी उत्तरे आली, तेव्हा उड्या मारत ती आईला वाचून दाखवत होती. तिसऱ्याला नवरा आला. लिफ्टच्या यंत्राच्या खोल्या इमारतीच्या अगदी वरच्या टोकाला असतात आणि लिफ्ट बंद असते तेव्हाच तिथे जायचे असते. त्यामुळे त्याचे पाय भक्कम होते. तो भराभर चढून गेला, वरून हाका मारू लागला, आणि उतरताना म्हणाला, “मला हे आधी का नाही सुचलं?”

तो दुष्ट नव्हता. त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि त्या आनंदात त्याने बाईच्या हातातली गोष्ट कधी स्वतःच्या हातात घेतली ते त्यालाही कळले नाही. चौथ्या डोंगराला त्याने आपल्या एका मित्राला, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या औषधवाल्यांना, आणले. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट आले. ‘आमची सात डोंगर मोहीम’ असा कापडी फलक रंगवून आला. कुठल्या दिवशी निघायचे ते आता त्याच्या सुटीवर आणि औषधवाल्यांच्या सोयीवर ठरू लागले. त्याने स्वतःला निळी चकचकीत सॅक घेतली. आणि मी? माझ्यात सगळ्यांचे पाणी, सगळ्यांचा खाऊ, औषधवाल्यांची मलमपट्टीची पेटी आणि तो फलक भरला गेला. मी बाईच्याच पाठीवर होते.

“वहिनी सावकाश चालतात, त्यामुळे त्यांना ओझं जाणवत नाही,” औषधवाले म्हणाले. हे त्यांनी कसे शोधून काढले कोण जाणे.

डोंगर चढताना मागे राहणाऱ्याचे काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे का? पुढचे लोक सावलीला थांबतात, दम खातात, पाय पसरतात. मागचा माणूस धापा टाकत तिथे पोचतो, तेव्हा ते ताजेतवाने होऊन उठतात. “आल्या का वहिनी? चला मग!” पाचव्या डोंगरावर हेच झाले, सहाव्यावरही हेच झाले. बाई टेकलीच नाही. तिचा घाम माझ्या कांबळ्यात झिरपत होता. शेवटी बरोबर आलेल्या नर्सचा पारा चढला.

“अहो, तिला जरा बसू तरी द्या! हे सगळं कुणी सुरू केलं?”

“असू दे गं,” बाई हळूच म्हणाली. “सगळे आलेत हेच खूप आहे.”

सातवा डोंगर सर्वांत उंच. त्यासाठी जो दिवस ठरला, त्या दिवशी नर्सची ड्यूटी होती. बाईने नवऱ्याला तसे सांगितले, दोनदा सांगितले. “एका माणसासाठी सगळ्यांचं अडवायचं का?” तो म्हणाला.

त्या दिवशी ती छान चालली, मित्रांनो. माझ्यावर विश्वास ठेवा. डोंगरागणिक तिचा श्वास सुधारला होता, पाऊल ठाम पडत होते. ती मागे होती, पण फार मागे नव्हती. माथ्याच्या खाली एक खिंड आहे. तिथून पुढे कातळावर हात टेकत चढायचे, म्हणून सगळ्यांनी सॅका काढून ठेवल्या. आजूबाजूच्या झाडांवर माकडे बसली होती आणि त्यांचे लक्ष आमच्याकडेच होते.

“सामानापाशी कोणीतरी हवं,” औषधवाले म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळे बाईकडे बघू लागले.

“तू बस जरा,” नवरा म्हणाला. “दमलीयेस. आम्ही पुढचा रस्ता कसा आहे ते बघून येतो, मग मी तुला घेऊन जातो. तोवर पाय मोकळे होतील.”

“पण मी दमले नाही.”

“अगं, पाच मिनिटांचं काम!” त्याने माझ्यातून फलक काढून घेतला आणि ते गेले.

ती माझ्याशेजारी बसली. एका माकडाने निळ्या सॅकवर झडप घातली, त्याला तिने काठीने हुसकावले. वरून आरोळ्या ऐकू आल्या. टाळ्या ऐकू आल्या. तिने बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. उन्हे कलली. ते उतरले तेव्हा त्यांचे चेहरे लाल झाले होते आणि सगळे एकदम बोलत होते. ती उठून उभी राहिली.

“चला, आता मी.”

“आता?” नवऱ्याने मागे पाहिले. माथ्यावर ढग उतरू लागला होता. “अगं, खाली पोचायला उशीर होईल. यांना दुकान उघडायचंय. आणि आपलं झालं की! घरातला एक पोचला म्हणजे सगळे पोचले.”

“थोडंच तर आहे. तुम्ही बसा, मी जाऊन येते.” तिने कातळावर हात ठेवला. एक पाय वर घेतला. मी पाहत होते. ती चढली असती.

“आई, प्लीज,” लेक म्हणाली. तिचे डोळे मोबाइलमधल्या फोटोंवर होते. “सगळे खूश आहेत ना? उगाच तमाशा नको करूस.”

बाईने पाय खाली घेतला. मला उचलून पाठीवर टाकले.

पुढे इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांना बोलावून कार्यक्रम झाला. सातव्या माथ्यावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात फलक होता, नवरा होता, लेक होती, औषधवाले होते. खाली ‘सहकुटुंब’ असे लिहिले होते. शेजारच्या बाईंनी विचारले, “तुम्ही काय पाहिलंत हो वर?”

“मी? मी सामान पाहिलं.”

लोक खो खो हसले. नवरा सर्वांत मोठ्याने हसला. “आमच्या हिचा विनोद बघा!” म्हणाला.

नर्सला खरे कळले तेव्हा ती ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आली. “चल, रविवारी आपण दोघी जाऊ. कुणाला सांगायचंच नाही.”

बाई कोटाला बटण लावत होती. “नको गं,” ती म्हणाली. “आधी गेले असते तर हौसेनं गेले असते. आता गेले तर रुसून गेली म्हणतील. मलाही तसंच वाटेल.” नर्सने खूप समजावले. बाईने दोरा तोडला आणि दुसरे बटण घेतले.

त्यानंतर ती कुठल्याच डोंगरावर गेली नाही. नवऱ्याने मला हत्यारे ठेवायला नेले. पाने, पकडी, वंगणाचा डबा. तो डबा एकदा माझ्यात सांडला. माझा बंद तुटला, तेव्हा त्याने मला कपाटावर फेकले. बाईचे गुडघे पुढे धरले ते धरलेच, त्यामुळे तीही बरेचदा याच खोलीत असते.

आता लेक नोकरी करते. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या लोकांबरोबर ती सातवा डोंगर पुन्हा चढून आली. बूटही न काढता ती आईसमोर बसली.

“आई, अगं, तो खिंडीनंतरचा टप्पा किती सोपा आहे! आमच्याबरोबरच्या साठीच्या मॅडमसुद्धा चढल्या. तू तेव्हा का नाही आलीस वर?”

तिने हे अगदी निष्पाप मनाने विचारले. तिला काहीच आठवत नव्हते.

बाईने तिच्या तोंडाकडे पाहिले. मला वाटले, आता ती सांगेल.

“पाय दुखत होते गं,” ती म्हणाली. “बूट काढ, लादी मळतेय.”

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, माझा बंद शिवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. कापडाचे काय, ते शिवता येते. पण कोणी तुम्हाला आपल्या हौसेत सामील करून घेतले, तर ती हौस कोणाची आहे हे विसरू नका. आणि ते माणूस कातळावर पाय ठेवून उभे असेल, तेव्हा फोटो नंतर बघा. सामान माकडांनी नेले तरी चालेल.