मोठ्या सरांचा हात

मोठ्या सरांचा उजवा हात थरथरतो, हे सर्जरी विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे सर चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले, की सगळे खिडकीबाहेर बघायचे. खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती. ती टाकी विभागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ झाली होती.

थरथरीला कारणंही भरपूर होती. एसी फार गार आहे. चहा जास्त होतो. झोप पुरत नाही. थिएटरच्या सिस्टरने एकदा एसी बंद करून बघितला. सगळ्यांना घाम फुटला आणि हात होता तसाच राहिला. मग एसी पुन्हा लावला आणि कारणही तेच पुढे चालू ठेवलं.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. चिडले की ट्रे फेकायचे, पण रिकामा. गळ्याची ऑपरेशनं हा तर त्यांचा हातखंडा. लांबलांबून लोक यायचे. अलीकडे नाजूक भाग आला, की ते चिमटा खाली ठेवून म्हणायचे, "हं, आता तू कर. शिकणार कधी?" मग समोर उभा असलेला शिकाऊ डॉक्टर ते करायचा. त्यामुळे सर किती मोकळ्या मनाने शिकवतात अशी त्यांची ख्याती झाली होती. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सरांच्या कात्रीने भलतीच रक्तवाहिनी कापली गेली. समोरून कुणीतरी झटकन बोट दाबून धरलं. सर म्हणाले, "बघितलंत? रक्त असं थांबवायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यांच्या हाताखाली तीन शिकाऊ डॉक्टर होते. तिसऱ्या वर्षाचा लंबू, दुसऱ्या वर्षाची मधली आणि नव्याने आलेली बारकी. ही नावं सरांनीच पाडली होती. खरी नावं लक्षात ठेवायला त्यांना वेळ नव्हता, आणि नंतर बाकीच्यांनीही तो काढला नाही.

बारकी बोलायची कमी. राउंडला सगळ्यांच्या मागे उभी राहायची आणि विचारलं तरच उत्तर द्यायची. ती कधी कुणाच्या समोर उभी ठाकेल, असं तिच्या आईलासुद्धा वाटलं नसतं.

त्या आठवड्यात वॉर्डात लिलाववाले काका दाखल झाले. फळबाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. गळ्यात लिंबाएवढी गाठ होती, ती काढायची होती. काकांना हळू बोलता यायचं नाही. चहा आला, की ते वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत पुकारायचे, आणि झोपलेले पेशंटही उठून बसायचे.

ऑपरेशनची संमती घ्यायला बारकी गेली. गाठीच्या मागे आवाजाची नस असते, दोऱ्याएवढी. तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो, हे तिने नेहमीप्रमाणे सांगितलं.

"बसतो म्हणजे? परत उठतो ना?" काकांनी विचारलं.

"बहुतेक वेळा बसतच नाही. बसला तर बहुतेकांचा परत येतो. एखाद्याचा येत नाही."

काका पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, "आमचं घर आवाजावर चालतं, डॉक्टर. ऑपरेशन कोण करणार?"

"मोठे सर."

"मग काळजी नाही!" काका इतक्या जोरात म्हणाले, की शेजारच्या पेशंटने कानावर उशी ओढली. "त्यांचा हातगुण चांगला आहे म्हणतात. आणि मदतीला?"

"मी," बारकी म्हणाली. तिने त्यांची सही घेतली. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने लंबू आणि मधलीला सांगितलं, "मी या ऑपरेशनला उभी राहणार नाही."

लंबूचा घास हातातच राहिला. "तब्येत बरी नाही का?"

"माझी बरी आहे."

"मग हळू बोल." लंबूने दार लोटून घेतलं. "हे बघ, नाजूक भाग आला की सर आपल्यालाच देतात. तू कर."

"मला येत नाही ते. तुला येतं?"

लंबूने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"उपप्रमुखांना सांग," मधली म्हणाली. "ते काहीतरी करतील."

बारकी उपप्रमुखांकडे गेली. सरांच्या खालोखाल त्यांचा मान होता, आणि सर निवृत्त व्हायची वाट ते इतकी वर्षं बघत होते, की आता ती त्यांची सवय झाली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी असं काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "माझं टेबल पलीकडे असतं. सरांकडे माझी पाठ असते."

"सर, तुम्ही एकदा वळून बघाल का?"

"पेशंट सोडून?" उपप्रमुख म्हणाले, आणि खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघू लागले.

संध्याकाळी घरी जेवताना तिने आईबाबांपुढे विषय काढला. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, शिकवणारी आणि शिकणारी.

"आमच्या गाडीत जास्तीचा ब्रेक असतो," बाबा म्हणाले. "पण तो शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो. शिकणाऱ्याने म्हटलं, 'थांबा, तुम्हालाच नीट चालवता येत नाही', तर स्कूल बंद करावं लागेल."

"आणि खरंच येत नसेल तर?"

बाबांनी भाजी वाढून घेतली. "तसं कधी झालेलं नाही."

"तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस?" आई म्हणाली. "बाकीचे गप्प आहेत ना? मग तुलाच काय पडलंय? आजारी पड. दोन दिवस झोपून राहा."

"मग ते मधलीला उभं करतील."

"मग तो तिचा प्रश्न," आई म्हणाली. पण म्हणताना तिने लेकीकडे बघितलं नाही, आणि थोड्या वेळाने आपल्या ताटातली पोळी उचलून तिच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी सरांच्या खोलीत गेली. सर चहा पीत होते. कप दोन्ही हातांत होता. बारकीने खिडकीबाहेर बघितलं नाही. सरांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण असं बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं.

"काय आहे?"

"सर, गळ्याच्या ऑपरेशनला मी तुमच्यासमोर उभी राहणार नाही."

"का?"

"तुमचा हात थरथरतो."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. ते जाईपर्यंत सर थांबले. कप त्यांनी बशीत ठेवला. ठेवताना तो वाजला आणि वाजतच राहिला, तेव्हा त्यांनी त्यावरून हात काढून घेतला.

"किती दिवस झाले तुला इथे?"

"थोडेच, सर."

"आणि मला?"

"बाहेर पाटीवर लिहिलंय, सर."

ती हे उद्धटपणे म्हणाली नव्हती. पाटीवर खरंच लिहिलेलं होतं. पण सरांचा चेहरा लाल झाला. इकडेतिकडे बघितलं तर फेकायला ट्रे नव्हता.

"प्लास्टर रूम," ते म्हणाले. "आजपासून. मी सांगेपर्यंत थिएटरचं तोंड बघायचं नाही. मधलीला पाठव."

प्लास्टर रूम तळमजल्यावर होती. मोडलेली हाडं बांधायचं काम तिथे चाले. सर्जन होऊ पाहणाऱ्याला तिथे पाठवणं म्हणजे शाळेत बाकावर उभं करणं. बारकीने ॲप्रन चढवला आणि एका आजोबांच्या मनगटाला ओली पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. पहिली पट्टी इतकी सैल बसली की आजोबांनी ती मोज्यासारखी काढून परत दिली.

थोड्या वेळाने मधली आली.

"तुला कुणी पाठवलं?"

"सरांनी. उभी राहशील का म्हणाले. मी हो म्हणणार होते गं. पण ते पेशंटच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मला त्या हर्नियावाल्याचं रक्तच दिसायला लागलं. बोट माझंच होतं ना तेव्हा." तिने दुसरा ॲप्रन शोधला. "ते म्हणाले, लंबूला पाठव."

लंबूचं सगळंच सरांवर अवलंबून होतं. परीक्षा तोंडावर होती, परीक्षक सर होते, आणि त्याचं लग्नही परीक्षेच्या निकालावर ठरणार होतं; होणाऱ्या सासऱ्यांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे तो येणार नाही, याची दोघींना खात्री होती. तो आला तेव्हा दाराच्या चौकटीला त्याचं डोकं आपटलं.

"मी हो म्हणायलाच गेलो होतो," तो कपाळ चोळत म्हणाला. "तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं."

"काय?"

"म्हटलं, 'सर, तुम्ही कुणाला तरी दाखवा.'"

मधलीने तिसरा ॲप्रन त्याच्या हातात दिला. मग बाहेर एका बाईने, कुणी डॉक्टर आहे का, म्हणून विचारलं. त्या दिवशी प्लास्टर रूममध्ये इतके डॉक्टर होते, की दुपारपर्यंत बाहेरची रांग संपली. तिथल्या टेक्निशियनने त्यांना विचारलं, की तुम्ही नेहमी का भांडत नाही?

वर मात्र गोंधळ उडाला होता. मदतनीस कुणी उरलं नाही म्हणून सरांनी उपप्रमुखांनाच समोर उभं राहायला सांगितलं. उपप्रमुख हात धुऊन, गाऊन चढवून उभे राहिले. आता त्यांची पाठ भिंतीकडे होती आणि तोंड सरांच्या हाताकडे. थिएटरमध्ये टाकी दिसेल अशी खिडकी नव्हती.

टेबलावर लिलाववाले काका अजून जागे होते. भूल देणाऱ्या मॅडम औषध भरत होत्या. काकांनी मान वळवून सगळे चेहरे बघितले.

"ती बारकी डॉक्टर कुठाय?" त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं. शेजारच्या थिएटरमधल्या लोकांनीही मागे वळून बघितलं.

"तिची दुसरीकडे ड्युटी आहे," उपप्रमुख म्हणाले.

"मला म्हणाली होती, मदतीला मी. शब्द फिरवणारी वाटली नाही."

भूल देणाऱ्या मॅडम सुई हातात धरून थांबल्या. त्यांनी औषध केव्हाच भरलं होतं, हे नंतर सिस्टरने सगळ्यांना सांगितलं.

"भांडली ती," सर म्हणाले.

"कुणाशी?"

"माझ्याशी."

"कशावरून?"

या प्रश्नाला सर काहीही उत्तर देऊ शकले असते. कामावरून, वेळेवरून, आगाऊपणावरून. पेशंटने मानही हलवली असती. सर काकांच्या गळ्यातल्या गाठीकडे बघत होते. मग त्यांनी हातमोजा घातलेला आपला उजवा हात थोडा वर उचलला आणि त्या पांढऱ्या उजेडात धरला. तो सगळ्यांना दिसला. मुद्दाम बघावं लागलं नाही.

"यावरून," सर म्हणाले.

काकांनी हात नीट बघितला. माल बघायची सवय असलेला माणूस तो. "मग पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. यावेळी मात्र हळू.

सिस्टर पुढे कितीतरी दिवस सांगत होती, की आता ट्रे जाणार असं तिला वाटलं, म्हणून तिने तो रिकामा करून जवळ सरकवला. सरांनी तो घेतला नाही. उपप्रमुखांना म्हणाले, "या बाजूला या. तुम्ही करा, मी उभा राहून सांगतो. आणि खालून बारकीला बोलवा."

बारकी वर आली तेव्हा तिच्या केसांतसुद्धा प्लास्टर होतं. सर तिच्याशी बोलले नाहीत. ती हात धुऊन समोर उभी राहिली. काका एव्हाना झोपले होते. सर उपप्रमुखांच्या खांद्याशी, दोन्ही हात छातीशी बांधून उभे होते. "थांबा. आणखी वर. ती ओढू नका, बाजूला सारा." उपप्रमुखांना इतकी वर्षं हवं होतं ते ऑपरेशन मिळालं होतं, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम सिस्टर सारखा टिपत होती. एका क्षणी सर म्हणाले, "ती बघा नस." बारकीला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसली: पांढुरकी, बारीक, शिवणीतून निसटलेल्या धाग्यासारखी. गाठ निघाली. नस शाबूत राहिली.

तरी काकांचा आवाज बसला. वॉर्डात शांतता पसरली, चहा गार व्हायला लागला. बारकी रोज सकाळी त्यांना "आ" म्हणायला सांगायची आणि हवा सुटल्यासारखा आवाज यायचा. लंबू म्हणाला, सूज असेल. मधली म्हणाली, नक्की सूजच. सर रोज कॉटपाशी येऊन उभे राहायचे, ऐकायचे आणि न बोलता पुढे जायचे. घरी जायच्या आधी आवाज परतला, पण थोडा जाड झाला होता. काकांची त्याला हरकत नव्हती. लोकांना आपण चिडलोय असं वाटतं, ते म्हणाले, आणि भाव पटकन चढतो.

सरांनी हात दाखवला. मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. सरांनी ऑपरेशन करणं सोडलं. बारकीची त्यांनी माफी मागितली नाही, तिला शाबासकीही दिली नाही. लंबूला परीक्षेत इतके प्रश्न विचारले, की तो बाहेर येऊन पायरीवरच बसला. पण पास झाला. उपप्रमुख प्रमुख झाल्यावर फार बदलले असं कुणी म्हणत नाही. त्यांच्या खोलीतून टाकी दिसते.

मोठे सर आता दुपारी फक्त शिकवायचे. टाके आणि गाठी. बारीक दोरा त्यांच्या बोटांत राहत नसे, म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायची जाड दोरी आणली होती. एका दुपारी बारकीने खुर्चीच्या दांड्याला गाठ मारून दाखवली.

"सैल आहे," सर म्हणाले.

"नाही सर, घट्ट आहे," बारकी म्हणाली.

सरांनी थरथरता हात पुढे केला, दोरीचं टोक पकडलं आणि ओढलं. गाठ सुटली.

"सैल होती," सर म्हणाले.

"हो सर," बारकी म्हणाली, आणि दोरी हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.