शिट्टी काढलेला कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी हवा भरायचा एक जुना कॉम्प्रेसर आहे आणि माझं पोट आतून सडलं आहे. वरून पाहाल तर झकास लाल रंग, दोन चाकं, ओढायला दांडी. गुटगुटीत डुकराच्या पिल्लासारखा दिसतो मी. खालून मात्र कुणी बघत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा टाकीत दाबून पाणी भरून पाहिलं आणि मगच अंगावर पाटी ठोकली, की याहून जास्त दाब चढवू नये. खांद्यावर पितळेचा एवढासा सेफ्टी वॉल्व्ह बसवला. दाब हद्दीबाहेर गेला की त्याने शिट्टी मारायची आणि जादा हवा सोडून द्यायची. पोटाखाली एक चावी दिली. हवेबरोबर ओल आत येते, तिचं पाणी होतं. काम संपलं की हवा सोडायची आणि चावी फिरवून ते पाणी काढून टाकायचं. इतकंच माझं पथ्यपाणी.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या गावात आर्विड नावाच्या निवृत्त पोस्टमनने मला आपल्या गॅरेजात आणलं. काय दिवस होते ते! चष्मा चढवल्याशिवाय, कान झाकल्याशिवाय तो माझं बटण दाबत नसे. माझी नळी गंमत म्हणूनसुद्धा त्याने कधी कुणाच्या अंगावर धरली नाही. एकदा मी चर्चच्या सहलीचा चेंडू असा टम्म फुगवला, की तो तळ्यावरून टप्पे खात पलीकडच्या गावात गेला आणि तिथल्या लोकांनी तो गोल म्हणून मोजला. एकदा माझ्या एका फुंकरीने बदकांचा अख्खा थवा ठरल्या वेळेच्या महिनाभर आधीच दक्षिणेला निघून गेला. खोटं वाटतं? विचारा त्या बदकांना.

पण माझं खरं काम ऑक्टोबरात. तिकडे जमीन गोठते. हिरवळीखाली पुरलेल्या फवाऱ्यांच्या नळ्यांत पाणी राहिलं, तर त्याचा बर्फ होतो आणि नळ्या तडकतात. म्हणून थंडी पडण्याआधी हवा मारून त्या कोरड्या करतात. सगळी गल्ली आर्विडची वाट बघायची. तो मला दारोदार ओढत न्यायचा आणि येताना दालचिनीचे रोल घेऊन यायचा.

मग त्याचे गुडघे गेले. माझ्या पोटाखालच्या चावीपर्यंत त्याला वाकवेना. घरात बायको होती, मार्गित. तिला एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण बर्फातून घरोघर टपाल पोचवलेला गडी, तो कसली हाक मारतोय! ‘पुढच्या खेपेला काढू,’ म्हणत राहिला. पाणी आतच राहिलं. गंज आवाज करत नाही, मित्रांनो. तो मुकाट्याने जेवत असतो.

पुढे मोटर आपोआप बंद करणारा स्विच अडकू लागला. दाब वाढला की माझा वॉल्व्ह किंचाळायचा. ते त्याचं कामच होतं. पण शेजारचा ड्वेन कुंपणावरून ओरडला, “आर्विड, तुझं डुकराचं पिल्लू फार केकाटतंय रे! पुढच्या वर्षी नळ्या झाडायला मोठ्या कॉम्प्रेसरच्या ट्रकवाल्यांना बोलवू का?”

“बोलव की! नळ्यांबरोबर तुझं डोकंही झाडून देतील. तसं आत फारसं निघायचं नाही म्हणा.”

ड्वेन हसला. आर्विडला मात्र ते लागलं. त्या दिवशी त्याने पान्हा घेतला, वॉल्व्ह काढला आणि त्या जागी एक बोल्ट घट्ट पिळला. “आता कसा शहाण्यासारखा बसलाय,” म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. मला ओरडायला तोंडच राहिलं नाही.

या ऑक्टोबरात आर्विड हिरवळीच्या पार टोकाला फवाऱ्यांशी खटपट करत होता. गॅरेजात माझ्या शेजारी स्टूल ओढून मार्गित सफरचंदं सोलत बसली होती. माझ्या उबेला बसायची सवयच तिला. माझा दाब दाखवणारा काटा लाल रेघेपाशी आला. स्विच पडला नाही. काटा रेघ ओलांडून गेला. मार्गितची नजर सफरचंदावर. माझ्या पोटाखालच्या जोडावर पत्रा कागदाएवढा उरला होता, आणि त्याच्यासमोर तिचे पाय होते.

फस्सकन तांबडं पाणी उडालं आणि सफरचंदं माखली. ती किंचाळत भिंतीकडे धावली आणि तिने प्लग उपटला.

मीच तिला वाचवलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ते खरं नाही. गंजाने सुईएवढं भोक जोडाच्या चार बोटं अलीकडे पाडलं. जोडावर पाडलं असतं तर मी शिवण उसवल्यासारखा उलगडलो असतो, आणि मार्गितची गोष्ट तिथेच संपली असती.

“यातलं पाणी शेवटचं कधी काढलं होतंस?” आर्विड लंगडत आत येताच तिने विचारलं.

“गुडघे गं...”

“गुडघे गेले, जीभ होती ना जागेवर? मी वाकले असते!”

“तुला कशाला त्रास...”

“आर्विड, मी इथे बसले होते. इथे!”

तो माझी नळी गुंडाळू लागला.

“याला ड्रिलने आरपार भोक पाड आणि भंगारात दे. डागडुजी नको. कुणी वापरूच शकणार नाही असं कर.”

“करतो.”

तो ड्रिल घेऊन आला. माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या दांडीवरून हात फिरवला, आणि त्याच्याच्याने ते झालं नाही. ड्रिल ठेवून त्याने भोकात लुकण भरलं, वरून लाल रंग मारला, मला रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं आणि गळ्यात पुठ्ठा अडकवला: ‘फुकट. चालतो.’ मार्गितला सांगितलं, भंगारवाला घेऊन गेला.

मित्रांनो, मी शिट्टी मारली तर मला बंद करा, शिट्टीला नव्हे. काम झालं की माझं पोट रिकामं करा, आणि वाकता येत नसेल तर कुणाला तरी हाक मारा. आणि मी सडलो की माझ्यावर माया करू नका. भोक पाडा. तेवढी एकच दया माझ्या उपयोगाची आहे.

आत्ताच एक गाडी येऊन थांबली आहे. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली आहे.

“अगं, बघ तरी! रंगसुद्धा नवा!”

“चालतो का पण?”

“लिहिलंय ना.”

त्याने मला उचललं. पोटात गंजाचे पापुद्रे खुळखुळले.

“आत काहीतरी वाजतंय रे.”

“वाजू दे. घरी गेल्यावर चालू करून बघू.”