मोटारीचा पोळा

पुंजाजीने बैलजोडी विकून चिखली-उंद्री फेऱ्यांसाठी जुनी मोटार घेतली, तेव्हा सोजराबाई रडली नाही. रडली पोळ्याच्या आदल्या दिवशी. "आता खांदे कोनाचे शेकू? जेवाचं आवतन कोनाले देऊ?"

"मोटारीले दे! उद्या तोरनाखालून सोताच्या पायानं येते का नाय पाह्य!"

बोलून बसला शहाणा! बॅटरीची तार कुजल्यामुळे सेल्फ-स्टार्टर केव्हाच मेला होता, मोटार हँडल मारून चालू व्हायची. पुंजाजीने तडक चिखलीचे मोटारीच्या सामानाचे दुकान गाठले. दुकानदाराने अंगठ्याएवढी जाड, काळी केबल पुढे टाकली. शेजारी करंगळीएवढी दुसरी होती, वर लाल-पिवळ्या सुताची वीण. पुंजाजी पिढीजात बैलवाला! कासरा पारखतात तसे त्याने तिला पायाखाली धरून हिसके दिले. तुटेना.

"भाऊ, हिनं का मोट ओढाची हाय? आत तांबं किती थे पाहा. बारीक तार तापन."

"पोळ्याले काळा कासरा कोन बांधते बे?" म्हणत पुंजाजीने लाल-पिवळीच घेतली. वर तोऱ्यात हँडलही तिथेच मोडीत देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी बैलांच्या रांगेशेजारी झूल घातलेली मोटार उभी राहिली. पुंजाजीने सेल्फ दाबला. मोटार कर्र करून कण्हली आणि लाल-पिवळ्या विणीतून धूर निघाला. गाव हसून लोळले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणार कोण? मग माणसेच जुंपली. भगवंतराव पाटलांनीही पागोटे सावरून मागून खांदा दिला. उतारावर पुंजाजीने गिअर टाकला आणि धडाम! इंजिन चालू झाले. मोटार तोरणच घेऊन पळाली. तोरणाखालून पहिले जायचा मान पाटलांच्या जोडीचा, पण पोळा फोडला मोटारीने! बैल उधळले, माणसे बैलांमागे, आणि पाटील हसता हसता मटकन खालीच बसले.

दारात मोटार थडथडत उभी राहिली.

"आवो, बंद करा ना. भेव वाटते."

"बंद केली तं पुन्हा गाव जुंपा लागन!"

सोजराबाईने हादरत्या चाकांवर पाणी घातले, बॉनेटला कुंकू लावले. पुरणपोळी ठेवली तर ती घसरू लागली, म्हणून तळहाताने दाबून धरली. खाली पत्रा ऊन होता, थरथरत होता. तिने हात काढला नाही.

"आवो," ती हसत-रडत म्हणाली, "हे तं जित्तं हाय!"