टाकलेल्या ट्रेतली अंडी

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचे डोळे आता गेले!"

उबवणी केंद्राच्या तरुण मालकांनी हे चारचौघांत म्हटलं आणि मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षं त्या अंडी पारखत होत्या. अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि सात दिवस उबवलेलं अंडं टॉर्चच्या तोंडाशी धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, अंडं परत उबेला. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं रिकामं. अंडी गार पडू नयेत म्हणून हात झपाझप चालवायचा, आणि टाकलेल्या ट्रेकडे पुन्हा बघायचं नाही, असा तिथला शिरस्ता. तो ट्रे संध्याकाळी थेट खताच्या खड्ड्यात रिकामा व्हायचा.

गेले तीन महिने टाकलेली अंडी वाढत चालली होती. कोंबड्या त्याच, खाद्य तेच. मग मालकांनी उपाय केला. तुम्ही-आम्ही करतो तोच! नवीन वस्तू आणली. हा भला मोठा टॉर्च! मावशींनी त्यावर अंडं धरलं. उजेड चहूबाजूंनी सांडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि अंड्यातलं काही म्हणता काही दिसेना.

"नव्यातही दिसत नाही? मग झालंच की!" मालक म्हणाले. "आज-उद्या कसंबसं निभवा. परवापासून ट्रे धुवायला बसा."

जुना टॉर्च त्यांनी भंगाराच्या पेटीत टाकला. मावशींनी तो कुणाचं लक्ष नसताना उचलून पिशवीत घातला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी सासरे होते. माणूस जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेला. पेचकस हाती लागला की यांना तहानभूक आठवत नसे. "आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं यांच्या हातून वाचलं, कारण ते उंचावर आहे," असं सासूबाई म्हणायच्या. सुनेचा पडलेला चेहरा सासऱ्यांनी पाहिला, पण हात आधी पिशवीतल्या टॉर्चकडे गेला. तो उलटसुलट करत त्यांनी तिची सगळी हकिगत ऐकून घेतली.

"सूनबाई, एक सांग. सकाळच्या पहिल्या ट्रेतली जास्त टाकतेस की शेवटच्या?"

"शेवटच्या, मामंजी. पहिल्यात थोडीच निघतात. पुढे पुढे वाढतात."

"रोज असंच?"

"रोज!"

"अगं, मग डोळे काय तासाभरात म्हातारे होतात? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तरुण?" म्हातारा खुशीत आला. "थकतंय ते दुसरंच कुणीतरी. बस, बघू."

त्यांनी टॉर्च उघडला. मावशी कुतूहलाने वाकून बघू लागल्या. अठरा वर्षं हातात धरलेली वस्तू, पण तिच्या पोटात काय आहे ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या! स्प्रिंगवर हिरवा गंज. काचेला आतून धुरकट थर. दिव्याची काच काळवंडलेली.

"हा जुना दिवा सेल घटाघटा पितो. त्यात गंज विजेची वाट अडवतो. मग तासाभरात उजेड मलूल. रात्रभर विसावले की सेल सकाळी परत जरा तरतरीत. शिरा आत असतात गं, पण त्या दाखवायला उजेड नको?"

"मग नवा टॉर्च काय वाईट होता?"

"वाईट नाही, पण तो शेत राखायचा! तुला हवा सुईच्या टोकावरचा उजेड."

त्यांनी पॉलिश पेपरने स्प्रिंग घासली, काच पुसली आणि डब्यातून जुन्याच खाचेत बसणारा एलईडी दिवा शोधून काढला. मग सायकलच्या फाटक्या ट्यूबचं एक कडं कापून टॉर्चच्या तोंडाला बसवलं, म्हणजे अंडं त्यात घट्ट बसेल आणि उजेड बाहेर सांडणार नाही. मावशींनी बटण दाबलं. बारीक, पांढरा, स्वच्छ झोत!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे ट्रे त्याच टॉर्चने पारखले, शेवटचासुद्धा. टाकलेली मोजकीच निघाली. मालकांच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, नोकरी वाचवायला रिकामी अंडी तर आत ढकलत नाही ना?"

मावशींचा पारा चढला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शिरस्ता मोडला. "चला माझ्याबरोबर!" शेजारच्या अंधारखोलीत पारखणाऱ्या दुसऱ्या बाईचा टाकलेला ट्रे अजून कोमट होता. तिच्याकडेही तसलाच जुना टॉर्च. मावशींनी त्यातलं एक अंडं उचलून रबरी कड्यावर ठेवलं. "बघा."

मालक वाकले. अंड्यात लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक ठिपका टुकटुक करत होता.

"अहो, हे तर जिवंत आहे!" ते ओरडलेच. "पुढचं दाखवा!"

तीस अंड्यांच्या ट्रेत अकरा जिवंत निघाली. अकरा! ती लगोलग उबेला गेली.

"मावशी, चुकलं माझं," मालक म्हणाले. "न बघताच तुम्हाला बाजूला सारत होतो. तुमची जागा हीच. आणि सगळे टॉर्च आधी तुमच्या सासऱ्यांकडे पाठवू."

मावशींना आनंद झाला, का नाही होणार? पण रबरी कड्यावरचं अंडं उचलताना त्यांचा हात थांबला.

"मालक, गेल्या तीन महिन्यांत माझ्या हाताने खड्ड्यात गेली, त्यांत किती असतील हो अशी?"

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि पुढचा ट्रे ओढला.

मंडळी, नवीन घेणं पाप नाही. मोडकं मोडकंच असेल तर खुशाल टाका. पण वस्तू असो की माणूस, "संपलं" म्हणण्याआधी एकदा उघडून बघा, एकदा विचारून बघा. टाकल्यावर कळून उपयोग नसतो.